आमची वाटचाल : घोळवहीच्या पानांवरून

अण्णा लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, मुनीम होते. रोजमेळ जुळला नाही तर जेवायला घरी यायचे नाहीत. चूक सापडली की एका वेगळ्या लाल वहीत तिची एक ओळ लिहायचे: तारीख, किती रुपयांचा फरक, कशामुळे. "सात नव्हता, एक होता." "हमाली दोनदा धरली." एवढंच. त्या वहीला आमच्या घरात घोळवही म्हणत. २००३ साली मी गंजगोलाईजवळ दहा बाय बाराची खोली भाड्यानं घेऊन सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं, तेव्हा अण्णांनी तशीच एक कोरी वही भेट दिली. मला खरं तर इन्व्हर्टर हवा होता.

आता तिसरी वही चालू आहे. आपली वाटचाल लिहा म्हणून ऑफिसातली पोरं मागं लागली, तेव्हा तिन्ही वह्या काढून बसले. उद्घाटनाचे फोटो आणि सत्काराच्या शाली यांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. आमचं जे काही झालं ते घोळांमधून झालं.

पहिलं काम अडतीच्या दुकानाचं. शेतकऱ्याचा माल आला, सौदा झाला, वजन झालं, की अडत, हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल हे सगळं वजा करून पट्टी काढायची. प्रोग्राम लिहायला व्हिज्युअल बेसिक ६ आणि मागं नोंदी साठवायला अ‍ॅक्सेस या डेटाबेसची फाइल, त्या काळी आमच्यासारख्यांचं हेच भांडवल. बारा हजार मागितले तर शेठ म्हणाले, "ताई, सीडी तर धा रुपयाला मिळती की. बारा हजार कशाचे मागायलात?" आठ हजारांत ठरलं, तेही तीन हप्त्यांत. तिसरा हप्ता अजून यायचाय.

घोळ क्रमांक एक, ऑक्टोबर २००४. सोयाबीनचा हंगाम. 'पट्ट्या काढा' हे बटण दाबलं की दिवसभराच्या शेतकऱ्यांची यादी घेऊन प्रोग्राम एकेकाची पट्टी काढत जायचा. शंभर-दीडशे पट्ट्या, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, तोवर खिडकी पांढरी फटक. मुनीमजींना वाटायचं संगणक मेला, ते सरळ बटण बंद करायचे. खिडकी गोठते ती याच्यामुळे, की पडदा रंगवणं, क्लिक ऐकणं आणि आपला हिशोब हे सगळं एकाच रांगेत उभं असतं. हिशोब संपेपर्यंत बाकीच्यांचा नंबर लागत नाही. त्यावर तेव्हाचा सर्वमान्य इलाज होता डू-इव्हेंट्स. फेऱ्याच्या मध्ये ही एक ओळ टाकली की प्रोग्राम क्षणभर थांबून रांगेतल्यांना वाट देतो. टाकली. खिडकी जिवंत झाली. मी खूश.

तिसऱ्या दिवशी फोन. "ताई, शेतकऱ्याला दोन-दोन पट्ट्या निघायल्यात."

जाऊन शेजारी बसले. पहिल्या चाळीसेक जणांची एकेकच पट्टी, त्यापुढच्यांची दोन-दोन. खात्यातही दोनदा जमा. चालक तोच, संगणक तोच, मग निम्म्यांचंच का? तासभर काही कळेना. मग मुनीमजींचा हात बघितला. प्रिंटरचा कागद संपला की ते कागद लावायचे आणि सवयीनं 'पट्ट्या काढा' पुन्हा दाबायचे. आधी गोठलेल्या खिडकीवर तो दाब ऐकायला कोणी नव्हतं. आता डू-इव्हेंट्सनं तो ऐकला. पहिली फेरी मध्येच अडकून राहिली, तिच्या पोटात दुसरी सुरू झाली. दुसरीनं 'न काढलेल्या' पट्ट्यांची ताजी यादी घेऊन सगळ्या काढल्या. मग पहिली जागी झाली आणि हातातल्या जुन्या यादीप्रमाणं एक्केचाळिसाव्यापासून पुढं चालू लागली.

इलाज सोपा: बटण दाबताच पहिल्या ओळीत ते बंद करायचं, काम संपलं की उघडायचं. घोळ क्रमांक दोन याच इलाजातून निघाला. मध्येच प्रिंटरनं चूक दिली तर प्रोग्राम उघडण्याच्या ओळीपर्यंत पोचायचाच नाही, आणि बटण दिवसभर बंद. म्हणजे चुकीच्या वाटेवरही उघडण्याची ओळ हवी. अण्णांनी दोन्ही नोंदी वाचून विचारलं, "अगं, पण एका आवकेला दोन पट्ट्या वहीत चढतातच कशा?" मी त्यांना तांत्रिक काहीतरी ऐकवलं. प्रश्न त्यांचाच बरोबर होता. आवकेच्या क्रमांकावर 'एकच' अशी अट डेटाबेसमध्येच घातली असती तर बटणानं काहीही केलं तरी दुसरी पट्टी चढलीच नसती. हे माझ्या डोक्यात शिरायला सात वर्षं गेली.

कारण हाच घोळ पुढं वेष बदलून येत राहिला. डॉटनेट या नव्या साधनावर गेलो, लांबलचक काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे त्याच प्रोग्रामातल्या दुसऱ्या रांगेत, टाकायला शिकलो. तर त्या थ्रेडनं थेट पडद्यावरच्या खान्यात आकडा लिहायचा प्रयत्न केला. पडद्याला हात फक्त त्याच्या स्वतःच्या थ्रेडनं लावायचा, बाकीच्यांनी इन्व्होक करून त्याच्याकडे निरोप द्यायचा, हा नियम. आमच्या संगणकावर डीबगरमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या साधनात, चालवताना ही चूक लगेच ओरडून सांगायची. गिऱ्हाइकाकडे डीबगर नसतो, तिथं कधी चालायचं, कधी विचित्र वागायचं. पुढं असिंक-अवेट आलं, म्हणजे पडदा न अडवता निकालाची वाट बघायची सोय. नवीन आलेल्या पोरानं बटणाच्या कोडमध्ये अवेट न लिहिता डॉट-रिझल्ट, म्हणजे निकाल येईपर्यंत जागीच थांबायची आज्ञा, लावला, आणि पडदा कायमचा गोठला. काम म्हणतंय, मला पुढं जायला पडद्याचा थ्रेड मोकळा हवा. थ्रेड म्हणतोय, तुझा निकाल येईपर्यंत मी हलत नाही. लग्नाच्या पंगतीत दोन व्याही 'आधी तुम्ही बसा' करत उभेच राहतात, तसं. वहीत त्या नोंदीपुढं मी 'क्र. १ पाहा' असं लिहिलंय.

आणि वेबवर तर तो उघडउघड आला. नेट मंद, 'जतन करा' दाबलं, काही हललं नाही, पुन्हा दाबलं, दोन नोंदी. इथं बटण बंद करून भागत नाही, कारण माणूस पान ताजं करून परत पाठवू शकतो. शेवटी २०११ मध्ये आम्ही प्रत्येक कोऱ्या फॉर्मला एक क्रमांक द्यायला लागलो आणि त्या क्रमांकाची नोंद एकदाच चढेल अशी अट डेटाबेसमध्ये घातली. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं."

तारखांचे घोळ वहीत सगळ्यांत जास्त. अ‍ॅक्सेसच्या क्वेरीत तारीख लिहिली की ते ती अमेरिकन पद्धतीनं वाचतं, आधी महिना मग दिवस. ५ एप्रिल लिहा, ४ मे होते. पण १३ एप्रिलला तेरावा महिना नसल्यामुळं ते गपगुमान बरोबर वाचतं. त्यामुळं महिन्याच्या १ ते १२ तारखांचे अहवाल चुकीचे आणि पुढचे बरोबर, आणि आम्ही नेमकं २० तारखेला तपासून दिलेलं. दुसरा त्याहून भारी. एका कृषी सेवा केंद्राला १५ जुलै २००९ ला ब्राउझरमध्ये चालणारं बिल बसवून दिलं. १ ऑगस्टला सगळं बंद, 'महिना चुकीचा आहे'. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेचं पार्स-इंट, म्हणजे मजकुरातून आकडा काढणारी आज्ञा, तेव्हाच्या ब्राउझरांमध्ये शून्यानं सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीतला समजायचं. ०७ पर्यंत ठीक, ०८ आणि ०९ मधला ८ किंवा ९ त्या पद्धतीत नसतोच, म्हणून उत्तर शून्य. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर हे दोन महिने आणि इतर महिन्यांतली ८ आणि ९ तारीख. सोबत १० हा दुसरा आकडा दिला की मिटलं. काहीच केलं नसतं तरी १ ऑक्टोबरला ते आपोआप सुरू झालं असतं, आणि ८ तारखेला पुन्हा बंद पडलं असतं. मग आम्ही कुठल्या भुताला नारळ फोडला असता कोण जाणे.

पैशांच्या राउंडिंगचं थोडक्यात सांगते. व्हिज्युअल बेसिकचं राउंड १२.५० चे १२ करतं आणि १३.५० चे १४, जवळच्या सम आकड्याकडे. मुनीम पन्नास पैशांना नेहमी वर जातो. रुपयाचा फरक, पण गंजात रुपयावरून दुकान बदलतात. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, कारण हे अपूर्णांक संगणकाच्या द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ च्या, पद्धतीत पुरे मांडताच येत नाहीत. आम्ही सगळं पैशांत, पूर्णांकात ठेवतो आणि छापताना शंभरनं भागतो.

२०१२ मध्ये त्याच अडतीत शेठजींचा मुलगा पुण्याहून शिकून आला. त्याला सगळं ब्राउझरवर हवं होतं. आम्ही दोन महिने राबून छान पडदे केले, गोल कोपरे, हिरवी बटणं. पहिल्याच दिवशी शून्य भावाच्या तेवीस पट्ट्या. मुनीम आता आप्पा होते, साठीचे. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "जुनंच बसवा."

या वेळी अण्णांना सोबत नेलं. ते आप्पांच्या मागं स्टुलावर बसून राहिले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "तो पडद्याकडं बघतच नाही." खरंच. आप्पांचे डोळे वजनाच्या चिठ्ठीवर, डावं बोट चिठ्ठीच्या ओळीवर, उजवा हात आकड्यांच्या कळांवर. आकडा, एंटर, आकडा, एंटर. जुन्या प्रोग्राममध्ये एंटर म्हणजे पुढचा खाना. ब्राउझरमध्ये एंटर म्हणजे फॉर्म रवाना. नाव आणि वजन टाकून भावाच्या आधीच पट्टी चढायची. आम्ही लाल अक्षरांत 'भाव टाका' दाखवत होतो, पण ते कोणासाठी?

मग एंटर अडवून पुढच्या खान्याकडे वळवला, शेवटच्या खान्यातच जतन ठेवलं. फॉर्ममधल्या बटणाला प्रकार सांगितला नाही तर ते आपोआप सबमिटचंच बटण ठरतं, हेही त्याच दिवशी कळलं. आमचं 'यादी बघा' बटणसुद्धा फॉर्म पाठवत होतं. माउसनं उघडायचं कॅलेंडर काढून टाकलं. आणि चूक झाली की टुण्ण असा आवाज ठेवला. आप्पा तो आवाज आला की मान वर करायचे. माझ्या मते आमचं आजवरचं सर्वांत चांगलं काम तो टुण्ण आहे. गोल कोपऱ्यांबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

मधली वर्षं भराभर गेली. शिकवलेली पोरं पुण्याला जात राहिली, त्यांना दोष देत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा कोणाकडं देखभालीचे पैसे मागायला तोंड नव्हतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला आणि तीन महिने आम्ही ऑफिसातच झोपलो, पण धंदा सावरला तो तिथंच.

मराठीचा एक घोळ मात्र सांगायलाच हवा. जुन्या प्रोग्राममध्ये मराठी म्हणजे नुसता फॉन्टचा मुखवटा, आत इंग्रजी अक्षरं. फॉन्ट नसलेल्या संगणकावर पट्टी उघडली की गिचमिड. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, टाकायला गेलो तर व्हिज्युअल बेसिकच्या खान्यांत प्रश्नचिन्हांची रांग. वेबवर आल्यावर वाटलं, सुटलो. २०१९ मध्ये एका दुकानातून तक्रार आली: एकाच कुऱ्हाडेंची दोन खाती, उचल एकात आणि माल दुसऱ्यात. शोधलं तर एकच सापडायचं, कधी हे, कधी ते. पडद्यावर दोन्ही नावं तंतोतंत सारखी. मी चष्मा काढून, लावून बघितलं. शेवटी अक्षरांमागचे क्रमांक काढले. एका 'कुऱ्हाडे'त खाली टिंब असलेल्या र चा पाय मोडलेला, दुसऱ्यात साध्या र चा पाय मोडून पुढं एक न दिसणारं जोडचिन्ह. टंकायची पद्धत बदलली की हे बदलतं. दिसायला दोन्ही सारखंच, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडचे सामान्यीकरणाचे ठरलेले नियमही या दोन रूपांना एक करत नाहीत, तो नियम आपणच लिहावा लागतो. जतन करताना आणि शोधताना, दोन्हीकडे. कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे, सगळे एका झटक्यात एकेकाच खात्यावर आले. मराठी माणसांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी एवढं तरी आधी बघावं असं मला कळकळीनं वाटतं, पण मीही सोळा वर्षांनी बघितलं.

२२ सप्टेंबर २०२५ ला करांचे दर बदलले, ठिबकचं साहित्य १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. आम्ही रात्रीच दर बदलून ठेवले. सकाळी निम्म्या दुकानांत १२ च. सर्व्हरवरची फाइल नवी, ब्राउझरनं साठवलेली जुनी. फोनवर एकेकाला 'कंट्रोल धरून एफ-पाच दाबा' सांगत दुपार झाली. आता फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक असतो आणि दर स्क्रिप्टमध्ये लिहिलेले नसतात, सर्व्हरकडून येतात. मुळात ते स्क्रिप्टमध्ये लिहिले कोणी, तर मीच, घाईत.

सध्याच्या वहीतली शेवटची नोंद परभणीकडच्या एका जिनिंगची आहे. वजनकाट्याचा आकडा केबलमधून आमच्या छोट्या डेस्कटॉप प्रोग्राममध्ये येतो आणि तिथून ब्राउझरमधल्या पावतीवर. आठवड्यातून एखाद्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीचं वजन शून्य येतं. काटा आकड्यांची माळ अखंड पाठवत असतो, आपण मध्येच कान लावला तर अर्धा आकडा हाती लागतो, म्हणून आम्ही शेवटच्या चिन्हाची वाट बघायला लावलं. तरी परवा पुन्हा शून्य आलं. अण्णा आता नाहीत. 'कशामुळे'चा रकाना अजून कोरा आहे. आज रात्रीच निघतेय, पहिली गाडी काट्यावर चढेल तेव्हा ऑपरेटरच्या मागं स्टुलावर बसलेली असेन.