शिलोला जाऊन बघा

बांद्यापर्यंतचं चालणं मला नीट आठवतच नाही. तेर्स (माळेवरची प्रार्थना), चहा, पुन्हा तेर्स, पुढे क्रूस घेतलेली मुलं, मागे सामानाचा टेम्पो. पत्रादेवीला गोव्यात शिरलो, पेडण्याला एका शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. सावंतवाडीकडून सायबाच्या, म्हणजे जुन्या गोव्यात पेटीत ज्याचं शव ठेवलंय त्या संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला (सणाला) चालत जाणाऱ्यांना हे सगळं पाठ आहे.

पेडण्याहून निघायच्या आधी, अंधारातच, तुकडीबरोबरच्या ब्रदरांनी (धर्मबंधूंनी) बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक वाचनाला घेतलं. सातवा अध्याय. देव यिर्मयाला सांगतो, मंदिराच्या दाराशी जाऊन उभा राहा आणि आत येणाऱ्यांशी बोल. आत येणारे म्हणजे आपल्यासारखेच, गावोगावहून देवदर्शनाला आलेले. ‘परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर’ असं घोकून निर्धास्त राहू नका, तो म्हणतो. वागणं सुधारा. परक्याला, पोरक्याला, विधवेला छळू नका. चोरी करता, खून करता, खोट्या शपथा वाहता आणि इथे येऊन म्हणता, आम्ही सुटलो! हे घर काय लुटारूंची गुहा आहे? येशूने मंदिरात सराफांचे चौरंग उलथले तेव्हा त्याच्या तोंडी हेच शब्द होते. ब्रदर एवढंच म्हणाले, ‘गुहेत कोणी चोरी करत नाही. चोरी करून आल्यावर लपायला गुहा लागते.’ मग बाटल्या भरल्या आणि निघालो.

धारगळच्या पुढे माझा पाय गेला. टाचेवर बोराएवढा फोड आला होता, मोजा त्याला चिकटलेला. दुपारचं ऊन, रुंद केलेला हायवे, झाडं कापलेली, सावली म्हणून नाही. टेम्पो पुढे निघून गेला होता. तुकडीतल्या बाया ‘हळूहळू ये गो’ म्हणत पुढे झाल्या. मला राग आला. सगळ्यांचा आला. गाण्यांचाही आला, कारण ती अजून ऐकू येत होती आणि दूर दूर चालली होती. मी तेर्साचे मणी मुठीत धरले होते, पण प्रार्थना होत नव्हती. पाऊल टेकवायचं आणि पुढचं कुठे टेकवायचं ते बघायचं, एवढंच चाललं होतं.

कोलवाळचा पूल यायच्या आधी निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या होत्या, रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या. एक बाई बाहेर भांडी घासत होती. तिने मला बघितलं, हात धुतले आणि उपडी बादली पुढे सरकवली. ‘बसा अक्का.’ मी बसले. तिने विचारलं काही नाही, माझा पाय उचलला आणि स्वतःच्या मांडीवर घेतला. मोजा ओढला तर कातडी येईल म्हणून आधी त्यावर पाणी ओतलं, भिजू दिला आणि मग अलगद सोडवला. आतून सुई आणली, दोरा ओवला, काडी पेटवून सुईचं टोक धरलं. फोडाच्या एका कडेने सुई आत घालून दुसऱ्या कडेने काढली आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं कापली. दोऱ्यावरून पाणी थेंबथेंब गळायला लागलं. कातडी फाटली नाही. वर हळद आणि खोबरेल. तिचा छोटा मुलगा तिच्या खांद्याला धरून हे बघत होता. दोऱ्यावरून पहिला थेंब पडला तेव्हा तो हसला.

ती गदगकडची. नवरा गेल्या पावसाळ्यात वारला, म्हणाली, आता ती दिराबरोबर कामावर आहे. कुठल्या देवाला चाललात, तिने विचारलं. मी म्हटलं, जुन्या गोव्याला. ‘हां, पेटीतले देव,’ ती म्हणाली. एकदा मुलाचा ताप उतरत नव्हता म्हणून तीही जाऊन आली होती. पिण्याचं पाणी तिच्याकडे एका कळशीत होतं, टँकर दिवसाआड येतो. त्यातलं तिने मला तांब्याभर दिलं. मी सगळं प्यायले. पैसे देऊ केले तर तिने माझा हात बाजूला केला, जरा रागानेच.

परकी, विधवा आणि पोरका. यिर्मयाने सकाळी नावं घेतलेली तिन्ही माणसं एका ताडपत्रीखाली होती आणि माझा पाय त्यांच्या मांडीवर होता. मला रडू आलं, ते फोडामुळे नव्हे.

म्हापसा. जेवण. मी पंक्तीत ही गोष्ट सांगितली. आमच्यातले एक अंकल, वर्षानुवर्षं चालणारे, म्हणाले, ‘ह्या घाट्यांनी सगळो हायवे भरलो हा. पर्स बघ आधी.’ दोघं-तिघं हसले. पुढे तेच अंकल अगदी मनापासून सांगायला लागले की सायबाक चलत जाणाऱ्याक काय येक होणा नाय, करोनातसुद्धा त्यांच्या घराला धक्का लागला नाही. त्यांची श्रद्धा खरी आहे, मला ठाऊक आहे. रात्री माझ्या पायाखाली स्वतःची उशी त्यांनीच आणून ठेवली. पण ते बोलणं मला घास गिळू देईना.

रात्री मी ब्रदरांना गाठलं. यरुशलेमच्या लोकांना मंदिराचा एवढा भरवसा का वाटत होता, मी विचारलं. ते म्हणाले, कारण एकदा खरंच वाचले होते. इ. स. पू. ७०१ साली अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाची, म्हणजे यरुशलेमच्या राज्याची, गावं घेत आला, यरुशलेम मात्र पडलं नाही. त्या सुटकेतून देवाचे आभार मानायचे ते राहिलं आणि हे शहर पडूच शकत नाही, हा समज झाला. शंभरेक वर्षांनी, यहोयाकीम राजाच्या सुरुवातीला, यिर्मया दाराशी उभा राहून म्हणाला, शिलोला जाऊन बघा. माझं नाव आधी तिथे होतं, त्या जागेचं मी काय केलं ते बघा. शिलोला, मंदिराच्या आधीच्या त्या देवस्थानात, कराराचा कोश होता, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी. लढाई हरायला लागली तेव्हा वडीलजनांनी तो शिलोचा याजक एली याच्या मुलांबरोबर रणात आणवला, कोश बरोबर असला की जिंकूच म्हणून. शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, कोशच पळवला. यिर्मया अनाथोथचा, याजकांच्या घरचा. एलीच्या वंशातल्या अब्याथार याजकाला शलमोन राजाने त्याच गावी धाडलं होतं. तेव्हा शिलो कदाचित यिर्मयाच्या स्वतःच्याच पूर्वजांची पडझड. याजक आणि संदेष्टे त्याला ठार करायला निघाले, दरबारातल्या अहीकामामुळे तो वाचला. इ. स. पू. ५८६ साली बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने मंदिर जाळलं.

आमच्या सायबाचीही अशीच एक गोष्ट आहे. १६८३ साली संभाजी महाराजांची फौज जुवे बेटापर्यंत आली, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयने सायबाची पेटी उघडवून आपला राजदंड त्याच्यापाशी ठेवला. मागून मोगलांचा शहाआलम येत होता म्हणून महाराज वळले. गोव्यात मात्र सायबाने शहर राखलं हेच सांगत राहिले. ते शहर पुढे तापांनी आणि साथींनी ओस पडलं आणि १८४३ साली पणजी राजधानी झाली.

पर्वरी, मांडवीचा पूल, रायबंदर. जुन्या गोव्यात रांग, मिस्सा (उपासना), कुमसार (पापांची कबुली). सायबासमोर माझे गुडघे आपोआप टेकले. गोव्यात उतरल्यावर तो चांगल्या घरी न राहता इस्पितळात राहिला, आजाऱ्यांत आणि कैद्यांत फिरला, पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लुबाडणुकीवर चिडून पत्रं लिहीत राहिला. त्या माणसाजवळ मला पोचायचं होतं आणि मी पोचले होते. मी त्या बाईसाठी मागितलं, तिच्या मुलासाठी मागितलं. अंकलसाठीही मागितलं, जरा वेळ लावून.

मग लंगडत समोरच्या टेकडीवर गेले. सेंट ऑगस्टीनचं चर्च. १८३५ साली मठ बंद झाले, १८४२ साली छत कोसळलं, १९३१ साली दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा पडला. उरलेला मनोरा अजून उभा आहे, जांभा दगड उघडा, खाली नक्षीच्या थडग्यांवरून पोरं उड्या मारत होती. सायबाच्या बासिलिकेतून चालत काही मिनिटांवर. आमच्यातलं कोणी तिकडे फिरकत नाही. मी ब्रदरांना बोलावलं, त्यांनी दोघं-तिघं आणले. अंकल आले नाहीत, त्यांना मेणबत्त्या घ्यायच्या होत्या.

मिस्सेत यिर्मयाचं हे वाचन ११ व्या वचनावर थांबतं आणि शिलो येतं १२ व्यात. पुढच्या वर्षीच्या तयारीच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. पहिल्या पहाटेचं वाचन १५ व्या वचनापर्यंत पुरं व्हावं. आणि टेम्पोवरची पाण्याची टाकी वाटेतल्या प्रत्येक मजूरवस्तीवर थांबावी, कळशा भरून मगच पुढे जावी. टाकी अंकलच्या भावाची आहे. त्यांच्याकडे मी एकदा जाऊन आले. विचार करतो म्हणाले. पुन्हा जाईन.