हयातीचा दाखला

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले की आमच्या घरी एका कामाची आठवण निघते. वडील दूरसंचार खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांच्या पश्चात आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि ते चालू राहावे यासाठी आपण हयात आहोत, हे तिला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारला कळवावे लागते. ऐंशी ओलांडलेल्यांना ही मुभा १ ऑक्टोबरपासूनच असते. आईला तिथवर पोहोचायला अजून दोन वर्षे आहेत.

पूर्वी हे काम साताऱ्यातल्या बँकेत होत असे. सकाळी लवकर आवरून, पासबुक आणि पीपीओची, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशाची, झेरॉक्स पिशवीत घालून आई निघायची, बाकावर आपली पाळी येईपर्यंत बसायची आणि साहेबांसमोर सही करून परतायची. तक्रार करायची ती गुडघ्यांची, बँकेची नव्हे. कारण त्या बाकावर वडिलांच्या खात्यातली जुनी मंडळी वर्षातून एकदा हमखास भेटत. कोणाच्या नातीचे लग्न ठरले, कोण मुलाकडे बंगळूरला गेले आणि यंदा कोण दिसले नाही, हे सारे तिथेच कळत असे. न दिसण्याचा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे तो विषय फार ताणला जात नसे.

१० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही योजना सुरू केली आणि आधार क्रमांक व बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळे यांच्या आधारे हा दाखला इंटरनेटवरून देण्याची सोय झाली. कागद कोठेही नेऊन देण्याची गरज उरली नाही. कल्पना उत्तम होती, पण जन्मभर भांडी घासलेल्या आणि भाकऱ्या थापलेल्या बोटांवर ठसे उरतात किती, याचा विचार त्या यंत्राने केलेला नव्हता. सेवा केंद्रातल्या मुलाने आईची दहाही बोटे आळीपाळीने दाबून पाहिली, ओल्या फडक्याने पुसायला लावली आणि अखेरीस ‘आजी, उद्या या’ असे सांगितले. आईला त्या दिवशी वाटलेला संकोच मला आजही आठवतो. जणू काही चूक तिचीच होती. २०२० पासून पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत हे काम करू लागले, तरी यंत्र ठशांचेच असल्यामुळे आमची अडचण होती तिथेच राहिली. ती सुटली २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये, चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आल्यावर.

आता मी पुण्याहून शनिवारी जातो आणि माझ्याच मोबाईलवर दाखला काढतो. अॅप आधी माझा चेहरा तपासते, मग आईची माहिती विचारते. त्यात एक प्रश्न पुनर्विवाहाचा असतो. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नियमांत त्याला अर्थ आहे, हे मान्य. तरीही अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला तो मोठ्याने वाचून दाखवताना माझी जीभ अडखळली. ‘यंदा तरी नाही, असं लिही,’ ती म्हणाली. त्यानंतर पडद्यावरच्या वर्तुळात चेहरा धरून डोळ्यांची उघडझाप करायची होती. मागे ट्यूबलाईट, म्हणून खुर्ची खिडकीकडे वळवली. मग पदर सावरण्यात चेहरा वर्तुळाबाहेर गेला. तिसऱ्यांदा ती इतकी ताठ बसली की पापणीच लवेना. चौथ्या खेपेस जमले आणि मिनिटभरात तिच्या फोनवर प्रमाण क्रमांकाचा संदेश आला.

ही सोय खरी आहे आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. पण तिच्या पोटात एक विसंगती आहे आणि ती मला दरवेळी टोचते. ओटीपी कोणालाही सांगू नकोस, असे मी आईला शंभरदा बजावले आहे. हयातीच्या दाखल्याच्या नावाने वृद्धांना फोन करून खाती रिकामी करणारे भामटे असतात, म्हणून १९३० हा मदत क्रमांकही फोनशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे. आणि तरीही गॅसचे, विजेचे किंवा बँकेचे कोणतेही काम निघाले की मीच पुण्याहून तिला फोन करून विचारतो, ‘आई, आकडे आले का? सांग बरं.’ पूर्वी ती बँकेत स्वतःच्या पायांनी जाई आणि स्वतःच्या हाताने सही करी. इंटरनेट तिच्या रोजच्या व्यवहारात शिरले ते माझ्या हातांनी. तिचे हेलपाटे वाचले, पण त्या व्यवहारांवरची तिची हुकमत माझ्याकडे आली आणि ती मी मागितलेली नव्हती, तिने दिलेलीही नव्हती.

यंदा काम आटोपल्यावर तिने चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि तो प्रमाण क्रमांक एकेक आकडा पुटपुटत कालनिर्णयाच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखाली उतरवून काढला. हे सगळे आता संगणकात नोंदलेले आहे, लिहायची गरज नाही, असे मी म्हणालो. तिने मान न वळवता उरलेले आकडे लिहिले आणि सोमवारी बँकेत एक चक्कर टाकणार असल्याचे सांगितले.

‘आता कशाला? दाखला झाला ना?’

‘दाखला झाला,’ ती म्हणाली, ‘पण कोण कोण आलंय ते बघून येते.’