डिस्लेक्सिया आणि आठवीतलं जर्मन

"एलडी आहे ना तिला, मग आणखी एक भाषा कशाला? सवलत आहे, घेऊन टाका." मी आठवीत गेले तेव्हा वर्गशिक्षिका आईला हे अगदी मायेनं सांगत होत्या. एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, शिकण्यातली अडचण; माझी होती डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली. सवलती खऱ्याच होत्या. दहावीला जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुका माफ आणि एक भाषा सोडून कार्यानुभवाचा विषय. आई म्हणाली, सहामाहीपर्यंत बघू. संस्कृत की जर्मन हा पुण्यातल्या घराघरातला पेच आमच्याकडे संस्कृतची जोडाक्षरं बघूनच सुटला होता.

आणि जर्मन मला वाचता यायला लागलं! इंग्रजी पहिलीपासून शिकत होते, तरी तसं कधी झालं नव्हतं.

डिस्लेक्सिया म्हणजे डोळ्यांचा दोष नव्हे. आवाज आणि अक्षर यांची जोडी डोक्यात लवकर पक्की होत नाही. इंग्रजीत तर या जोड्याच धड नाहीत. ओ-यू-जी-एच ही तीच चार अक्षरं 'थ्रू'त एक बोलतात, 'टफ'मध्ये दुसरं, 'दो'मध्ये तिसरं. जर्मनमध्ये नियम शिकला की तो बहुतेक वेळा टिकतो. आय आणि ई उलटसुलट होणं हा माझा जुना आजार, पण आमच्या बाईंनी युक्ती दिली: जोडीतल्या दुसऱ्या अक्षराचं इंग्रजी नाव घे, तोच उच्चार. ई-आय असेल तर 'आय', आय-ई असेल तर 'ई'. संपलं. आपली पहिली वेलांटी तरी कुठे सरळ आहे? लिहायची आधी, बोलायची नंतर.

पुढे कळलं की 2001 साली 'सायन्स' नियतकालिकात यावर एक अभ्यास आला होता. इंग्रजी, फ्रेंच आणि इटालियन भाषिक डिस्लेक्सिक लोकांच्या मेंदूतली अडचण सारखीच दिसली, वाचनात मात्र इटालियन सरस ठरले. त्यांचं स्पेलिंग सरळ आहे म्हणून.

आकड्यांत तर मी वर्गात पुढे होते. जर्मनमध्ये 24 म्हणजे 'चार आणि वीस', आपल्या चोवीससारखंच एकक आधी. (बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातल्या 'एकवीस, बावीस'ऐवजी 'वीस एक, वीस दोन'वरून 2019 मध्ये केवढा गदारोळ झाला, तेव्हा मला हेच आठवत होतं.)

सगळं सोपं होतं असं नाही. नामाआधी लागणाऱ्या डेअर (पुल्लिंगी), डी (स्त्रीलिंगी), डास (नपुंसकलिंगी) या शब्दांनी जीव खाल्ला. तीन लिंगं मराठीतही आहेत, पण याद्या जुळत नाहीत. त्यांच्याकडे सूर्य ती, चंद्र तो आणि मुलगी चक्क ते! याद्या पाठ करणं मला जमतच नाही. मग वहीत डेअर निळ्या, डी लाल आणि डास हिरव्या पेननं लिहायला लागले. बाई 'डास' म्हणाल्या की मागच्या बाकावरून कोणीतरी टाळी वाजवून डास मारायचा, हेही लक्षात राहायला उपयोगी पडलं.

दहावीला मी जादा वेळ घेतला, शुद्धलेखनाची माफी घेतली, जर्मन ठेवलं. पालक विचारतात तेव्हा हेच सांगते: सवलती हक्कानं घ्या, पण भाषा सोडायच्या आधी मुलाला त्या भाषेतलं पान मोठ्यानं वाचायला लावून बघा. फ्रेंचचं मात्र मला विचारू नका. शब्दाच्या शेवटी अक्षरं लिहायची आणि ती बोलायची नाहीत, हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या घरी एलडीचं मूल नसणार.