सहा वाजताची शेकोटी

२२ फेब्रुवारी जवळ आला की मला अजून नारळाच्या सोडणांचा धूर आठवतो. ओलसर, डोळ्यांत जाणारा. ऐंशीच्या दशकात वडिलांची पोर्ट ब्लेअरला बदली झाली आणि मी सोलापूरच्या शाळेतून थेट अंदमानात जाऊन पडलो. सोबत स्काऊटचा स्कार्फ तेवढा नेला होता. तो तिथेही चालला.

स्काऊटिंग सुरू करणारे बेडन पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह, दोघांचाही वाढदिवस २२ फेब्रुवारीचा, म्हणून तो स्काऊट-गाईडांचा चिंतन दिन. सोलापुरात आम्ही त्या सुमारास ‘खरी कमाई’ म्हणून भेळ विकायचो. इथे मात्र तीन दिवसांचा तळ पडायचा, समुद्राकाठी, आणि शेवटच्या संध्याकाळी शेकोटी. संध्याकाळ म्हणजे किती वाजता, तर सहाला! घड्याळ भारताचं आणि सूर्य जवळजवळ ब्रह्मदेशाचा. पुण्यात पोरं अजून उन्हात क्रिकेट खेळत असतील त्या वेळी आमच्याकडे मिट्ट काळोख. पहिल्या वर्षी मला वाटलं, कार्यक्रम फारच लवकर उरकताहेत.

आमचे स्काऊटमास्तर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबातले. दरवर्षी शेकोटी पेटली की तेच सांगायचे. सेल्युलर जेल १९०६ साली बांधून पुरं झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९०७ मध्ये, इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर बेडन पॉवेलनी वीसेक मुलांचा पहिला तळ टाकला. एकाच राज्याने एका बेटावर कोठड्या बांधल्या आणि दुसऱ्या बेटावर तंबू. आपल्यापर्यंत आलं ते स्वतंत्र भारताचं स्काऊटिंग, ७ नोव्हेंबर १९५० ला जुन्या संघटना एकत्र येऊन झालेलं. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गाईड्सही, म्हणजे मुलींची संघटना, त्यात आल्या. मग आवाज चढवून, “पर पैदा तो टापू पर ही हुआ ना? तो ये हमारा है!” यावर आम्ही पाऊसटाळी द्यायची. आधी एक बोट तळव्यावर, मग दोन, मग तीन, शेवटी धो धो. ती टाळी मला मुंबईच्या पावसापेक्षा खरी वाटायची.

सगळ्यांत मजेची गोष्ट म्हणजे मागकाढणीचा खेळ. पुस्तकात चिन्हं दिलेली: बाण म्हणजे इकडे जा, फुली म्हणजे इकडे नाही, वर्तुळात टिंब म्हणजे ‘मी घरी गेलो’. पुस्तक बिचारं जमिनीवरच्या माणसाने लिहिलेलं. एका वर्षी चिन्हं टाकायचं काम माझ्याकडे होतं. मी ऐटीत ओल्या वाळूत सुबक बाण काढले, गोटे मांडले, आणि भरतीची वेळ विचारायची विसरलो. तासाभरात निम्मे बाण पाण्याखाली. उरलेल्यांतला एक गोटा स्वतःच चालू लागला, कारण तो शंख होता आणि आत खेकडा होता. मागून आलेली तुकडी त्या खेकड्याच्या दिशेने केवड्याच्या बनात शिरली आणि जेवायच्या वेळेला ओरबाडलेल्या पायांनी परतली. पुढे मला गाठी शिकवायच्या कामावर बसवलं. तेच बरं झालं.

शेकोटीला बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीची, निकोबारी अशी गाणी व्हायची. मधलं सगळं बोलणं हिंदीत. तिथे कोणाचंच गाव तिथलं नव्हतं, निकोबारी आणि ‘लोकल बॉर्न’, म्हणजे जुन्या काळ्या पाण्याच्या कैद्यांच्या वंशातली, मुलं सोडली तर. मराठी असा मी एकटाच, अशी माझी समजूत होती. एका मेळाव्याला कॅम्पबेल बेवरून जहाजाने मुलं आली. ग्रेट निकोबारचं ते गाव, पोर्ट ब्लेअरपासून समुद्रातून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. १९६९ पासून तिथे माजी सैनिकांची कुटुंबं वसवली होती, पंजाबी, दाक्षिणात्य आणि आपलीही. माझं आडनाव ऐकून एक काळासावळा मुलगा जवळ आला नि म्हणाला, “तुमी कुटलं?” सातारी बोली, वर थोडा पंजाबी हेल. सातारा त्याने पाहिलेलाही नव्हता.

लेझीम त्याला माझ्यापेक्षा चांगली यायची, वडिलांनी अंगणात शिकवलेली. पण लेझीम आणायची कुठून? आम्ही नारळाच्या करवंट्या दोरीत ओवल्या. खळखळाट नाही, नुसता टक्‌ टक्‌ आवाज. चौथ्या पवित्र्याला माझी दोरी सुटली आणि करवंट्या शेकोटीत गेल्या. गाठी शिकवणारा मीच! गाईड्सच्या बाजूने जे हसू उठलं ते अजून कानात आहे. तो मात्र न थांबता पवित्रे पुरे करत राहिला.

पुढच्या वर्षी वडिलांची बदली मुंबईला झाली. जहाज सकाळचं होतं. क्वार्टरच्या पायरीवर मी विटेच्या तुकड्याने मोठं वर्तुळ काढलं, मधोमध टिंब दिलं. आईने ते पाहिलं, बादली आणि खराटा माझ्या हातात दिला. क्वार्टर रिकामी करून देताना पायऱ्या स्वच्छ लागतात म्हणे.