कळा सुरू झाल्या की करायचं काय?

नववा लागलेली पहिलटकरीण तपासणी झाली तरी खुर्चीवरून उठत नाही. "सिस्टर, खऱ्या कळा सुरू झाल्या की मी करायचं तरी काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, दोन कळांमधला वेळ सांभाळा. कळ आपोआप येते आणि आपोआप ओसरते. मधल्या दोन-तीन मिनिटांत मुठी, खांदे, जबडा सैल सोडा, दोन घोट पाणी प्या, डोळे मिटा. हा वेळ पुढच्या कळेच्या धास्तीत गेला, तर जोर लावायच्या वेळी अंगात त्राण राहत नाही.

सुरुवातीच्या कळा रेंगाळतात. गर्भपिशवीचं तोंड साधारण ५ सेंटिमीटर उघडलं की मग वेग येतो. १० मिनिटांत तीन-चार कळा, एकेक पाऊण ते एक मिनिटाची, आणि कळेत बोलणं सुचत नाही. तिथून १० सेंटिमीटरपर्यंत पहिल्या खेपेला १२ तासही लागू शकतात, म्हणून घड्याळाकडे बघत बसू नका.

उताणं पडून राहू नका. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर चाला, पलंगाचा कठडा धरून पुढे वाका, नाहीतर डाव्या कुशीवर व्हा. दर दोन तासांनी लघवीला जा. कंबर फुटेल असं वाटतं तेव्हा सोबतच्या बाईने माकडहाडाच्या वर तळहाताने घट्ट दाबून धरावं. हलकं चोळण्यापेक्षा त्याने जास्त आराम पडतो.

शेवटी शेवटी हुडहुडी भरते, उलटी होते, मांड्या थरथरतात. "मला नाही जमत, सीझर करा," असं अगदी धीराची बाईसुद्धा म्हणते. तपासावं तर बहुतेकदा आठ-नऊ सेंटिमीटर झालेले असतात! शी लागल्यासारखं वाटलं की लगेच सांगा, पण तपासून होईपर्यंत जोर लावू नका, फू-फू करत श्वास सोडा. आणि बाळ लवकर यावं म्हणून कुणी वरून पोट दाबायला लागलं तर स्पष्ट नाही म्हणा. त्याने आईला आणि बाळालाही इजा होऊ शकते.

बाळाभोवतीचं पाणी हिरवट गेलं, अंगावरून रक्त वाहायला लागलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट बघू नका. १०८ ला फोन करून निघा.

सोबतीला एक बाणेदार माणूस ठेवा. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी जवळची बाई सोबत ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच परवानगी दिली आहे. आत सोडत नसतील तर हे सांगा. कळा सोसवत नसतील तर दुखणं कमी करायचं इंजेक्शन मागा, एपिड्युरलची (पाठीच्या कण्यापाशी औषध देऊन कमरेखालचं दुखणं थांबवण्याची) सोय असेल तर तेही विचारा. ओरडावंसं वाटलं तर ओरडा. त्यावरून बाळंतिणीला कुणी टाकून बोललेलं मला अजिबात खपत नाही, बोलणारी माझ्याच खात्यातली असली तरी.