तुम्ही विचारलंत म्हणून : हॉलिवुड बेअर्स

अमेरिकन फुटबॉलविषयी मी लिहितो हे ठाऊक असलेले वाचक मला एक प्रश्न हमखास विचारतात: एनएफएलचे (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक फुटबॉल लीग) एवढे नामांकित संघ असताना, दुय्यम लीगमधल्या आणि केव्हाच नामशेष झालेल्या ‘हॉलिवुड बेअर्स’चे नाव तुमच्या लिखाणात सारखे का येते?

त्याचे कारण असे की ती लीग दुय्यम होती, खेळाडू नव्हते. 1940 मध्ये ‘पॅसिफिक कोस्ट प्रोफेशनल फुटबॉल लीग’ सुरू झाली तेव्हा विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे शहराच्या पश्चिमेला एनएफएलचा एकही संघ नव्हता; आगगाडीने कॅलिफोर्नियापर्यंत संघ नेणे मालकांना परवडणारे नव्हते. त्यामुळे लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकांना व्यावसायिक फुटबॉल म्हणून जे काही पाहायला मिळे ते प्रामुख्याने बेअर्स, बुलडॉग्ज अशा संघांचेच. बेअर्सची सूत्रे पॉल शिसलर यांच्याकडे होती. हे गृहस्थ पूर्वी एनएफएलमध्येच प्रशिक्षक होते. सामने बहुधा गिलमोर स्टेडियममध्ये होत, जे पुढे पाडून तिथे सीबीएस वाहिनीचा स्टुडिओ उभा राहिला.

या संघाचा खरा आधार होता केनी वॉशिंग्टन. 1937 साली त्याच्या विद्यापीठाचा, यूसीएलएचा, संघ लॉस एंजेलिसमधल्याच यूएससी विद्यापीठाविरुद्ध 0-19 असा पिछाडीवर असताना त्याने मिनिटभराच्या आत दोन टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) दिले, आणि त्यांतला एक चेंडू हवेतूनच साठ यार्डांहून अधिक लांब गेला होता. सामना यूएससीनेच जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो हा पास. 1939 साली आक्रमणात देशातल्या सगळ्या कॉलेज खेळाडूंमध्ये तो अव्वल ठरला. तरीही एनएफएलच्या एकाही संघाने त्याला निवडले नाही, कारण तो कृष्णवर्णीय होता. 1934 ते 1945 या काळात त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम कुठेच नव्हता, मालकांची आपापसांतली समजूत होती, आणि माझ्या मते असली समजूत लेखी नियमापेक्षा वाईट, कारण तिच्याविरुद्ध दाद तरी कुठे मागायची? पश्चिम किनाऱ्यावरच्या लीगने मात्र ही आडकाठी घातली नाही. वॉशिंग्टन आणि त्याचा कॉलेजातला जोडीदार वुडी स्ट्रोड हे बेअर्सकडून गोऱ्या खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळले. 1941 साली संघ अपराजित राहून विजेता ठरला, आणि महायुद्धाने घडी विस्कटल्यानंतर 1945 साली त्याने पुन्हा विजेतेपद मिळवले.

त्यानंतर जे घडले त्यासाठीच मी या संघाकडे पुन्हा पुन्हा वळतो. 1946 च्या जानेवारीत एनएफएलच्या क्लीव्हलंड रॅम्स संघाने लॉस एंजेलिसला स्थलांतर करायचे ठरवले आणि खेळण्यासाठी कोलिझियम मागितले. ते स्टेडियम सार्वजनिक होते, करदात्यांच्या पैशांतून चालणारे. हॅली हार्डिंग या कृष्णवर्णीय पत्रकाराने कोलिझियमच्या आयोगासमोर उभे राहून, ज्या संघात कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही त्याला हे मैदान द्यायचेच कसे, असा रोखठोक सवाल केला. रॅम्सला नमते घ्यावे लागले. 21 मार्च रोजी वॉशिंग्टन करारबद्ध झाला आणि काही आठवड्यांनी स्ट्रोडही.

म्हणजे बेअर्सचा सर्वांत मोठा खेळाडू न्याय मिळवून गेला आणि संघाचे आकर्षणच संपले. त्यातच त्याच वर्षी ‘डॉन्स’ हा आणखी एक मोठा संघ शहरात आला. गावात दोन-दोन मोठे संघ असताना छोट्या लीगची तिकिटे कोण काढणार? 1948 मध्ये लीगच गुंडाळली गेली.

वॉशिंग्टन रॅम्समध्ये आला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि गुडघ्यांवरच्या शस्त्रक्रियांनी पार जायबंदी झाला होता. तरीही 1947 साली त्याने 92 यार्डांची जी धाव घेतली, ती आजही रॅम्सच्या इतिहासात सर्वांत लांब आहे. थोर व्यावसायिक फुटबॉलपटूंचा गौरव करणाऱ्या कँटन (ओहायो) इथल्या हॉल ऑफ फेममध्ये मात्र तो नाही. त्याच्या उमेदीची वर्षे बेअर्समध्ये गेली, आणि तिथला खेळ एनएफएलच्या नोंदवहीत धरलाच जात नाही.