सहाला दोन चिंचोके: अखेर दादऱ्यात सुटले

मोजणीच्या गाण्यातला सहाचा गोंधळ सुटला, मंडळी! मागच्या नोंदीनंतर ज्यांनी ‘लय कमी करून बघा’ असे सुचवले होते, त्यांना आधी सांगते: लय कमी केली की जास्तच बिघडत होते. का, तेही आता कळले आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. आमच्या बालवाडीतली चार वर्षांची मुले एक ते दहा घडाघडा म्हणतात. पण गाता गाता वाटीत चिंचोके टाकायला सांगितले, की पाचपर्यंत सगळे नीट आणि सहाला हटकून दोन पडतात. ‘स’ला एक, ‘हा’ला एक. सात, आठ पुन्हा ठीक. नऊला दोन, दहाला दोन. म्हणून झाले दहा आणि वाटीत तेरा! क्रम पाठ असणे आणि एका शब्दाला एकच वस्तू उचलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वे मांडली, त्यातही त्या वेगळ्याच धरल्या आहेत. चिंचोक्यांपुढे बसलात की हा फरक डोळ्यांना दिसतो.

गाण्याची जुनी चाल केहरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात होती. प्रत्येक आकड्याला चार मात्रा, आणि आकड्याचे पहिले अक्षर ठोक्यावर. एके संध्याकाळी कागदावर लघु-गुरू (लघु म्हणजे एका मात्रेचे हलके अक्षर, गुरू म्हणजे दोन मात्रांचे जड) मांडून बघितले आणि उडालेच. एकपासून दहापर्यंतचे सगळे आकडे तीन मात्रांचे आहेत! एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ यांत गुरू आधी, लघु नंतर. सहा, नऊ आणि दहा एवढ्या तिघांत उलटे. म्हणजे ठोक्यावर हलके अक्षर पडत होते आणि जड अक्षर मागून येत होते. मुलांचा हात जडाला खाली जातो, ते बरोबरच करत होते. लय कमी केली की ‘स’ आणि ‘हा’ आणखी लांब जायचे आणि दुसरा चिंचोका उचलायला आयता वेळ मिळायचा.

तीन मात्रांचे आकडे असतील तर ताल दादराच हवा, तो सहा मात्रांचा. एका आवर्तनात दोन आकडे, एक समेवर (पहिल्या मात्रेवर), एक खालीवर (चौथ्या मात्रेवर). आणि ‘स’, ‘न’, ‘द’ ठोक्याच्या आधी उचलून घ्यायचे, म्हणजे ‘हा’, ‘ऊ’, ‘हा’ नेमके ठोक्यावर येतात.

लगेच नवी अडचण आली. पाचचा ‘च’ आणि सहाचा ‘स’ एकमेकांवर आदळून मुले ‘पाच्सा’ म्हणायला लागली. यावर उपाय बसला तो असा: पाच समेवर म्हणायचे आणि खालीला आवाज नाही, फक्त एका हाताची मूठ मिटायची. मग सहाव्या मात्रेवर ‘स’, पुढच्या समेवर ‘हा’.

एक दोन । तीन चार । पाच (मूठ) स
हा सात । आठ न ऊ द
हा (मूठ)

खालची ओळ मोजून बघा. दहासुद्धा आपसूक समेवर येतो आणि दुसरी मूठ खालीवर मिटते. मी काही जुळवले नाही, आकड्यांतच ते होते. मला इतका आनंद क्वचित होतो.

मात्रा मिनिटाला १२० ठेवा. दर दीड सेकंदाला एक आकडा येतो, छोट्या हातांना पुरतो. बाजारातल्या तयार ट्रॅकवर नाचता येते, मोजता येत नाही. ठेक्याला चिपळ्याच घ्या, झांजेची आस (मागे घुमणारा नाद) रेंगाळते आणि ठोका पुसट होतो. पेटीवर पांढरी दोन (दुसरी पांढरी पट्टी) हा सा, मधल्या सप्तकात सा ते प, त्याच्या वरखाली नको. काळी एकला खर्जात गाणाऱ्या काकांनी पेटी वाजवावी आणि गाणे ताईंवर सोपवावे, हे माझे ठाम मत. मोजायला चिंचोकेच घ्या, प्लास्टिकच्या चकत्या एकमेकींना चिकटतात. बालशिक्षणाचे काम उभे करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरातल्याच वस्तू वापरायला शिकवले, त्यात अजून काही कमी नाही. फक्त तीन वर्षांच्या मुलांना चिंचोके देऊ नका, नाकात जातात. त्यांना मोठी बुचे द्या.

 

पुढे याच चालीत अकरा ते वीस करायचे ठरवले होते. पण आत्ता लिहिता लिहिता बोटांवर मोजले: बोलताना अक्‌रा, बारा, तेरा, चौदा, पंध्‌रा, सोळा, सत्‌रा, अठ्‌रा सगळे चार मात्रांचे! म्हणजे तिथे केहरवाच परत हवा आणि दहानंतर ताल बदलावा लागेल. एकोणीस त्यातही बसत नाही.

शिवाय मुठींमुळे दुसरेच सुचले आहे. मोजून झाल्यावर ‘किती?’ विचारले, की मुले पुन्हा एकपासून सुरू करतात. मूठ मिटलेली असतानाच ‘मुठीत किती?’ असे गाऊन विचारले, तर उत्तर ‘पाच’ असे एकदम येईल का? हे आधी करते, अकरा थांबू दे. प्रश्न समेवर ठेवावा की खालीवर, कोणी करून बघितले असेल तर लिहा. आणि एकोणीस कोणाच्या गाण्यात नीट बसला असेल, तर त्याचे बोल पाठवा.